तोंडाला रुमाल, डिकीत पाना

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१चा. त्यातलं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्याच वेळेपुरतं. गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून फिरणारा किंवा सबळ कारणाविना घरफोडीचं हत्यार बाळगणारा त्यात सापडतो. पण हेतू टॉर्चच्या उजेडात दिसत नाही, रुमाल दिसतो.

आणि चाकणची सेकंड शिफ्ट सुटते रात्री. धुळीपायी नाकापर्यंत रुमाल, डिकीत पाना, पक्कड, रिकामा डबा. कलमाच्या वर्णनात अर्धी एमआयडीसी बसते. थर्ड शिफ्टवाला उजाडल्यावर घरी निघतो. तोच रुमाल, तोच पाना, पण सूर्याने त्याला निर्दोष सोडलेलं असतं.

हिंजवडीचा आयटीवालाही रात्रीच परततो. कंपनीच्या कॅबमधून, काच वर करून. त्याची बॅग कोण उघडतंय?

पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, चाकणही त्यातच आलं. तिथल्या तळेगाव चौकात मात्र संध्याकाळी वेगळ्या नाकाबंदीची गरजच पडत नाही. पुणे-नाशिक महामार्गावरचे कंटेनर ते काम फुकटात करतात. त्या गर्दीत झडतीही कुणी घेत नाही. साहेबांची गाडी त्याच रांगेत, चार कंटेनर मागे असते.