ॲव्हरेजकाका

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" विचारणारे अर्थात ॲव्हरेजकाका. स्वतः त्यांनी कधी गाडी घेतली नाही. सगळी नोकरी चर्चगेटला, लोकलने. पण पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या त्यांच्या डायरीतून पास होऊन आलेल्या आहेत.

डायरी जाडजूड आहे. जून २०१७ पासून इंधनाचे दर रोज सकाळी सहाला बदलू लागले आणि काकांच्या निवृत्तीला अर्थ आला. दूध आत घेण्याआधी दर लिहायचा. पुढे जुलै २०२२ ते मार्च २०२४ दर जागचा हलला नाही. अख्खी बिल्डिंग खूश, काका एकटे उदास. "रोज तोच आकडा लिहायचा म्हणजे पुन्हा नोकरीच की हो!"

२०१२ सालाबद्दल बोलताना मात्र ते हळवे होतात. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये तीस रुपयांच्या वर तफावत होती. डोळे मिटून डिझेल घ्यावं. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलवरचं नियंत्रण काढलं, २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, मारुतीने तर डिझेल गाड्याच बंद केल्या. या तिन्ही तारखा डायरीत लाल शाईने आहेत.

मागे आमच्या सेक्रेटरींना डिझेल एसयूव्हीची हुक्की आली. रविवारी सकाळी ते काकांकडे गेले, मीही चहाच्या आशेने मागोमाग.

"महिन्याचं रनिंग किती?" काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"पंधराशे तर सहज."

"ऑफिसला?"

"लोकलने."

"मग पंधराशे कुठे?"

सेक्रेटरी अडखळले. "दहिसरला सासुरवाडी... डी-मार्ट... मुलीला स्टेशनला सोडायचं... आणि चिपळूण आहेच!"

"चिपळूण वर्षातून दोनदा. गणपती आणि शिमगा." काकांनी बेरीज मारली. "महिन्याला तीनशे."

वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "तीनशे पण जास्तच झाले."

मग पान उलटून काकांनी हिशेब मांडला. पेट्रोल १०४ धरा, ॲव्हरेज १६; किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल ९०, ॲव्हरेज २०; साडेचार. वाचले दोन रुपये. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग, वर आरटीओचा टॅक्स दोन टक्के जास्त, तो तूर्त सोडून देऊ. सव्वा लाख भागिले दोन, साडेबासष्ट हजार किलोमीटर. वर्षाला छत्तीसशे. "सतरा वर्षं लागतील पैसे वसूल व्हायला. आणि गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं!"

एवढं ऐकून सेक्रेटरींनी पुढच्याच महिन्यात डिझेल एसयूव्ही आणली. उंच आहे, पिकअप आहे, आणि मेव्हण्याकडे तीच आहे. काका रागावले नाहीत. माणूस आधी गाडी ठरवतो आणि मग रनिंग शोधतो, हे इतक्या वर्षांत त्यांना पुरतं ठाऊक झालंय. ते फक्त हिशेबाचं पान दुमडून ठेवतात.

चार महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. स्टेशन ते डी-मार्ट एवढंच फिरून सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळीने तुंबला होता. ती काजळी जळायला गाडी न थांबता वेगात पळवावी लागते, आणि भाईंदरमध्ये न थांबता फक्त खाडीचं पाणी जातं. "हायवेला काढा," काका म्हणाले. तेव्हापासून महिन्यातल्या एक-दोन रविवारी सेक्रेटरी गाडी घेऊन वर्सोवा पुलावरून मनोरपर्यंत जाऊन येतात. बाजूच्या सीटवर डायरी घेऊन काका. येताना पुलाअलीकडच्या फाउंटन नाक्याच्या कोंडीत तासभर अडकून नवी काजळी जमतेच, ती पुढच्या खेपेला. एकदा काकांनी सुचवलंही, "अजून तेवढंच पुढे, तलासरी ओलांडून भिलाडला गेलो तर गुजरातचा दर. पेट्रोल आठ-नऊ रुपयांनी स्वस्त." मग स्वतःच खिन्न झाले. "पण तुमचं डिझेल. त्यात तिथे फारसं काही सुटत नाही."

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले तर चेहरा उजळलेला. सेक्रेटरींचं रनिंग महिन्याला पाचशेवर गेलं होतं, आणि डायरीत सतरा वर्षांची आता साडेदहा झाली होती.