अण्णांचा आस्कंद

अंबाजोगाईत सकाळी तोंड पाडून चालायची सोय नाही. ओट्यावर अण्णा बसलेले असतात.

"इकडं ये. डोळ्याखाली काळं कामून आलंय? रात्री झोप लागंना का?"

उत्तराची वाट ते बघत नाहीत, पुडी बांधायला घेतात. झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवून अण्णा रिटायर झाले. पेन्शन खात्यावर जमा होते, पण ज्ञान जमा करायला कुणी राहिलं नाही, म्हणून गावाची मनःशांती हा विषय त्यांनी हाती घेतला. असे अण्णा केजला आहेत, धारूरला आहेत. पाटोद्याला तर दोघं आहेत म्हणे, आणि ते एकमेकांच्या रोग्यांना ओळख देत नाहीत.

औषध एकच, आस्कंद. पुण्यातली मंडळी त्याला अश्वगंधा म्हणतात आणि डबीतल्या गोळ्या घेतात. त्या गोळ्यांना अण्णा 'खडू' म्हणतात. आपल्याकडं बांधाला आस्कंद आपोआप उगवतो, त्याला पातळ कागदी टोपडं घातलेली लाल फळं येतात. पण अण्णांना चालतो तो मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारातला. ती मुळं ते खलबत्त्यात कुटतात, वस्त्रगाळ करतात. एकदाच घाईत त्यांनी काकूंचा मिक्सर वापरला. त्यानंतर महिनाभर त्या घरातल्या शेंगदाण्याच्या चटणीला तबेल्याचा वास येत होता. मनःशांतीच्या औषधानं घरात इतकी अशांतता गावानं पाहिली नव्हती.

लहान चमचाभर चूर्ण, कोमट दूध, वर थोडं तूप, निजताना. इथवर सोपं आहे. मग पथ्य सुरू होतं. सहानंतर चहा बंद. तंबाखू बंद. टीव्हीवरच्या बातम्या बंद. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काहीही लिहू दे, उत्तर द्यायचं नाही. नऊला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. बांधाच्या मोजणीचं काम असेल तर ते मंडल, म्हणजे औषधाचे ठरलेले दिवस, संपल्यावर काढायचं. एवढं पाळणाऱ्याला नुसत्या दुधावरही झोप लागेल, पण हे अण्णांपुढं बोलायची हिंमत कुणाची नाही. शिवाय एवढं पथ्य आजवर पुरतं पाळलंय कुणी? म्हणून हिशेब कायम अण्णांच्या बाजूनं सुटतो. गुण आला तर आस्कंदाचा, नाही आला तर तुम्ही तंबाखू खाल्ली.

मंडल चाळीस दिवसांचं. खरी मेख इथं आहे. बीड जिल्ह्यातला ताण डोक्यात फार थोडा असतो. तो आभाळात असतो, मोंढ्यात असतो, बँकेत असतो. चाळीस दिवसांत यातलं काहीतरी हलतंच. पाऊस येतो, पीकविमा जमा होतो, पोरीचं जमतं. माणूस हसत ओट्यावर येतो आणि अण्णा शांतपणे म्हणतात, "म्हणलं नव्हतं?"

एकदा मुकादम आला. ऊसतोडीला न्यायच्या टोळीला त्यानं उचल वाटली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असे बरेच कोयते पैसे घेऊन दुसऱ्याच मुकादमाच्या गळाला लागल्याची कुजबुज होती. "अण्णा, छाती धडधडायलीय." अण्णांनी पुडी दिली. चाळीस दिवस? तेवढ्यात दसरा होऊन गाड्या भरायची वेळ येणार, असं मुकादम कळवळला. अण्णा म्हणाले, "नगर-बीड-परळी रेल्वे 1995 ला मंजूर झाली. बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. परळीला अजून यायचीच आहे. तीस वर्षं थांबलास ना? आता चाळीस दिवसांनी काय मरतोस काय?" मुकादमाला हसू आलं. त्याच्यावर औषधाचा एवढाच परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, आणि पुडी तर अजून सुटलीही नव्हती.

तसं शास्त्र अगदीच विरुद्ध नाही. लहान लहान चाचण्यांत अश्वगंधेनं ताण थोडा उतरला, झोप थोडी सुधारली, असं दिसलंय. अण्णांना त्यातला 'थोडा' तेवढा मान्य नाही. बीएएमएसला गेलेल्या एका पोरानं त्यांना सांगितलं, की चरकसंहितेतली मेध्य रसायनं चार: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी. त्यात आस्कंद नाही. अण्णा म्हणाले, "चरक मराठवाड्यात राहिला असता तर पाचवं लिहिलं असतं." डेन्मार्कनं 2023 साली अश्वगंधेवर बंदी घातली, ही बातमी पुण्याच्या भाच्यानं धाडली. तिचाही निकाल जागेवर लागला: "तिकडं ऊनच नाही. उष्ण औषध त्यांना सोसंल कसं?" भूगोलाचा मास्तर अशा वेळी कामाला येतो.

हरले ते एकदाच. शेजारची सून थायरॉईडची गोळी घेत होती, वरून अण्णांचा आस्कंद. गावातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तो तडक बंद करायला लावला, कारण आस्कंदानं थायरॉईडचं गणित बिघडू शकतं. अण्णा दोन दिवस ओट्यावर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पुडी बांधण्याआधी एक प्रश्न वाढला: "गोळ्या कोणत्या चालू हायेत?" आणि पोटुशी बाई ओट्याकडं वळलीच, तर काकू तिला दारातूनच माघारी लावतात. त्या खात्यात अण्णांना अधिकार नाहीत.

2025 च्या सप्टेंबरात मात्र अण्णांचं मंडल अवघड झालं. दरवर्षी ज्या पावसाच्या भरवशावर गुण यायचा, तोच पाऊस मराठवाड्यावर असा कोसळला, की उभं सोयाबीन पाण्यात गेलं. सरकारचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, आणि हातात माल काळा पडलेला. ओट्यावर गर्दी झाली. सगळ्यांचे चाळीस दिवस भरले होते, पथ्यही पाळलं होतं, कारण लाईटच नव्हती, टीव्ही बंद, मोबाईल बंद. अण्णांना पळवाट उरली नाही.

त्यांनी चूर्णाचा डबा उघडला, बोटानं ढवळला, वास घेतला.

"ओल धरलीय," ते म्हणाले. "ओला आस्कंद लागू पडत नसतो. नीमचहून नवीन पोतं सांगितलंय. हरभरा पेरून या, मग बघू."