अगंबाई! मुलाला एमटीआय?

ऐकलंत का? बी विंगमधल्या काकूंच्या लेकाला एमटीआय निघालाय! मुलगा इंजिनिअर, व्याकरण चोख, पण कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूत तोंडावर सांगितलं म्हणे, ‘एमटीआय फार आहे.’ म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, इंग्रजीवर मराठीची छाया. काकूंनी डोक्याला हातच लावला. त्यांना वाटलं, आता एमआरआय काढावा लागणार.

उपाय काय, तर क्लास. आणि तिथे काय काय चालतं म्हणून सांगू! ओठांसमोर टिश्यू पेपर धरायचा आणि ‘पेपर, पार्टी, पीटर’ म्हणायचं. कागद फडफडला तर पास. आपला ‘प’ पडला सोशिक, वाफ म्हणून दवडत नाही. मग ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘वेल’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. आणि ‘ट’? बालवाडीत ट-ठ-ड-ढ-ण घोटून जी जीभ टाळूकडे वळवली, ती आता पैसे भरून सरळ करायची! शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, तेव्हा त्या उच्चारवेड्या प्राध्यापकाला आपण पोट धरधरून हसलो होतो ना? आता त्याच्याच दारात पावती फाडायला रांग लागलीय.

बरं, हे खूळ तरुणांपुरतं असतं तरी चाललं असतं. पण नातवंडं सांभाळायला न्यू जर्सीला जाऊन आलेले आमच्या सोसायटीतले आजोबा पाहिलेत? विमानतळावरून येतानाच ड्रायव्हरकडे ‘वॉडर, वॉडर’ करायला लागले. तो बिचारा घाबरून गाडी बाजूला घेत म्हणतो, ‘काका, उलटी होतेय का?’ तिकडे एडिसनच्या ओक ट्री रोडवर सगळा बाजार गुजराती-हिंदीत उरकता येतो. मग आजोबांनी हा माल आणला कुणाकडून, याची चौकशी व्हायला हवी!

आणि खानदानी ॲक्सेंट नक्की कोणता, हे तरी साहेबांचं ठरलंय का? लंडनची बडी मंडळी ‘कार’मधला शेवटचा ‘र’ खुशाल गिळतात. न्यूयॉर्कात मात्र तो गिळणं कमीपणाचं. विल्यम लबॉव नावाचे भाषाशास्त्रज्ञ १९६२ साली तिथल्या तीन दुकानांत हिंडले. उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असंच येईल अशा बेतानं विक्रेत्यांना प्रश्न विचारायचा, मग ऐकूच आलं नाही असं दाखवून पुन्हा वदवून घ्यायचं. महागड्या सॅक्समध्ये ‘र’ सर्वांत ठसठशीत, स्वस्तातल्या क्लाइनमध्ये सर्वांत दुर्मीळ! एकाच अक्षराची एका गावात पत, दुसऱ्या गावात बेअब्रू. आता आपल्या पोरानं कुठला ‘र’ लावावा?

कुणाला सांगू नका, पण खुद्द एलिझाबेथ राणीसुद्धा यातून सुटली नाही. तिची १९५० च्या दशकातली नाताळची भाषणं आणि १९८० च्या दशकातली भाषणं अभ्यासकांनी ताडून पाहिली. २००० साली ‘नेचर’ साप्ताहिकात निकाल छापून आला: बाईंचे स्वर हळूहळू चारचौघांच्या बोलण्याकडे सरकलेत! राजवाड्यात राहून ही तऱ्हा, तर आपल्या पोरांनी वाड्यात राहून काय करावं?

इकडे क्लासची फी भरून होते न होते तोच सॉफ्टवेअरही हजर. सानास नावाच्या अमेरिकी कंपनीचं हे सॉफ्टवेअर बोलता बोलताच उच्चार बदलतं. एजंट इकडे आपल्या वळणानं बोलतो, पलीकडच्या ग्राहकाला अमेरिकी वळण ऐकू येतं. टेलिपरफॉर्मन्स या बड्या कंपनीनं भारतातल्या एजंटांसाठी ते वापरायला घेतल्याची बातमी २०२५ मध्ये आली. गेले ना टिश्यू पेपरचे पैसे पाण्यात?

पण खरी भानगड पुढेच आहे. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लेक्चरची टेप ऐकवली; आवाज अस्सल अमेरिकन बाईंचा. काहींना सोबत गोऱ्या शिक्षिकेचा फोटो दाखवला, काहींना चिनी चेहऱ्याच्या शिक्षिकेचा. टेप तीच, बाई तीच, तरी दुसऱ्या फोटोवाल्यांना उच्चार परदेशी वाटले आणि लेक्चरही कमी समजलं! आता बोला. त्या बाईंनी आणखी कुठला क्लास लावायला हवा होता?

म्हणजे आजार एकाला आणि कडू औषध दुसऱ्याला, असा हा कारभार चाललाय. फोनवर समोरच्याला समजलं नाही तर दोष नेहमी आपल्याच जिभेचा. त्यांचं आपल्याला समजलं नाही तरी दोष आपल्याच कानाचा. हे कुणी ठरवलं? माझं ऐकाल तर क्लासवाल्यांनी पुढची बॅच ऐकणाऱ्यांची काढावी. फी डॉलरमध्ये घ्यावी, फोटो न दाखवता नुसतं ऐकायला शिकवावं. डेमो लेक्चरला आमचे वॉडरवाले आजोबा आहेतच, हल्ली मोकळेच असतात.