डिपरमीमांसा

हिंगोली-औंढा रस्त्यावर समोरच्याने डिपर मारला, तर अर्थ काय घ्यावा? यावर दोन पंथ आहेत. एकाच्या मते, ‘ये बाबा, तू आधी.’ दुसऱ्याच्या मते, ‘मी आलोच, तू थांब.’ दोन्ही पंथांच्या अनुयायांची एकाच अरुंद पुलावर गाठ पडली की शास्त्रार्थ सुरू होतो. त्यातली अवतरणं इथे छापता येत नाहीत.

ट्रकच्या उजव्या इंडिकेटरने तर पाणिनीलाही घाम फोडला असता. ‘मी उजवीकडे वळतोय’ हाही अर्थ आणि ‘रस्ता मोकळा आहे, घाल पुढे’ हाही. पहिला अर्थ असताना दुसरा लावणारा अभ्यासक सुधारित आवृत्ती काढायला उरत नाही. हॉर्नविषयी थोडक्यात: ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात, म्हणून राज्याच्या परिवहन खात्याने 2015 मध्ये त्यावर बंदी घातली. मराठी माणूस वाचत नाही, ही तक्रार तेव्हाच निकालात निघायला हवी होती.

आमचा सिद्धान्त असा, की रस्त्यावरचा राग हा वाचनदोष आहे. कट मारून गेलेला पोरगा कदाचित दवाखान्यात डबा पोचवायला निघालेला असतो. आपण त्यात सात पिढ्यांचा अपमान वाचतो आणि ‘एमएच 38’ची ती पाटी गाठायला निघतो. या भाष्याची दखल मोटार वाहन कायद्याचं कलम 184 घेतं: पहिल्या खेपेला 1,000 ते 5,000 रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

साईड देण्याचा जुना स्थानिक दाखला नरसीच्या नामदेवांचा. औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, तर पुजारी मागे व्हा म्हणाले. नामदेव मुकाट मागे गेले. आख्यायिका सांगते, देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी होता तिथेच राहिला. अजून मागेच आहे, हॉर्न न वाजवता.

परवा औंढ्याअलीकडे मी हळदीच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. पुढे टेप इतका मोठ्याने, की माझा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तो सगळा ऐकला ट्रॉलीतल्या पोत्यांवर बसलेल्या मावशींनी. शेवटी त्यांनी पिवळा तळहात माझ्याकडे धरला. समोरून एसटी सुसाट गेली. मग तोच हात वळवून त्यांनी मला पुढे काढलं.

या खुणेला पाठभेद आढळला नाही.