आगोट

आमच्या घरात अर्थखातं तिघांकडे आहे: आई, बायको आणि माझा लॅपटॉप. लॅपटॉपला मी माणसांत धरतो, कारण हिशेब विचारला तर न चिडणारा तो घरात एकटाच आहे.

आम्ही अष्टमीचे. कुंडलिकेच्या पलीकडे रोहा, अलीकडे आम्ही. नगरपरिषद दोघांची मिळून एकच, तरी पूल ओलांडायचा झाला की आम्ही ‘रोह्याला जाऊन येतो’ असं सांगूनच निघतो. पूर्वी जाताना खिसा जड असायचा आणि येताना पिशवी. हल्ली येताना दोन्ही हलकी असतात, हाताला तेवढाच आराम.

आणि हे सगळं कुठे, तर रोह्यात! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथले. 1943 ते 1949 ते त्या खुर्चीत होते, नोटांवर त्यांची सही असायची. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले, 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले. वडील हे सांगायचे तेव्हा लहानपणी मला वाटायचं, रोहेकरांना नोटा थोड्या स्वस्तात पडत असणार. आता कळतं की देशाची तिजोरी सांभाळणारा माणूस ज्या पाण्यावर वाढला, तेच पाणी पिऊनही माझा महिना 22 तारखेला संपतो. पाण्याचा दोष नाही. राजीनाम्याची सोय संसारात नाही, एवढाच फरक.

लॅपटॉपमध्ये माझा तक्ता आहे. किराणा, दूध, वीज, गॅस, शाळा, हप्ता आणि शेवटी ‘इतर’. सगळे रकाने शहाण्यासारखे वागतात, फक्त ‘इतर’ घरजावयासारखा पसरून बसतो. त्यात आहेर आहेत, रिचार्ज आहेत, दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा आलेले पाहुणे आहेत, आणि पेणचा गणपती आहे. आमच्या मूर्तीची उंची बारा वर्षं तीच, किंमत मात्र वाढत्या अंगाची. कारखान्यात शाडू महागला, रंग महागले, कारागिरांची मजुरी वाढली, सगळं पटतं. पटलं नसतं तरी साक्षात गणपती समोर असताना घासाघीस कशी करणार?

महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची, असं रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट आहे. बँक अधूनमधून शहरांतल्या कुटुंबांना विचारतेही, की बाबांनो, तुम्हाला महागाई किती वाटते? लोक सांगतात तो आकडा सहसा सरकारी आकड्याच्या वरच असतो. आमच्या आईला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिने टक्क्यांत उत्तर दिलं नसतं, सोड्यांत, म्हणजे सुक्या कोळंबीच्या भावात दिलं असतं.

कारण तिचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत नसतो, एप्रिलात असतो. त्याचं नाव आगोट. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला. पाऊस एकदा लागला की पुलावरून बाजारात जाणं हे धाडस. तेव्हा मृगाच्या आत घर भरलं पाहिजे. सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या. कडवे वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, वर्षाचा मसाला, कोकमं, आंबोशी. सोड्यांपुढे ‘बघू’ असं असतं. यादी कागदावर कधीच नसते, तरी त्यातलं एक नाव गळलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. मग अंगणात ताडपत्री पसरते, त्यावर बोंबील पडतात, मी राखणीला बसतो आणि शेजारचं मांजर लेखापरीक्षकासारखं लांबून सगळं टिपत राहतं. डबे भरले, झाकणं घट्ट बसली, की आई पदराला हात पुसत म्हणते, “झाली आगोट.” त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मला पगाराच्या मेसेजने कधी दिलेलं नाही.

गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलमध्ये, सोनं तोळ्याला लाखावर गेलं. मी हळहळलो. आई बोंबील उलटत म्हणाली, “सोनं कोण खातंय?”

बायकोचा मार्ग तिसरा, भिशीचा. दरमहा बारा जणी जमतात, पैसे जमतात, चहा होतो. व्याज शून्य. मी तिला एकदा चक्रवाढ समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या चक्रवाढीने शिलाईमशीन आणलं का?” मशीन भिशीतून आलं होतं.

बँकांवर आईचा राग नाही, पण भरवसा बेताचा. 2010 मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली, हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, त्याची चर्चा या भागातल्या ओट्याओट्यावर झाली. मी तिला धीर दिला, की 2020 पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे.

“आपले पाच लाख आहेत?”

“नाहीत.”

“मग मला कशाला सांगतोस?”

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा जाणकारांचा सल्लाही तिला विचित्र वाटला. पावसाळा चार महिन्यांचा, मग हे वरचे दोन कुठले?

पण गेल्या आठवड्यात तिने मला पकडलंच. मुलगी नववीत, तिच्या इंजिनीअरिंगसाठी मी एक एसआयपी लावली आहे. मोबाइलवर ती बघत होतो, आकडा लाल होता. आई मागे उभी.

“लाल का?”

“बाजार पडलाय. येईल वर.”

“दमट झालं असेल. हलवू नको.” मग जरा विचार करून म्हणाली, “याचा पाऊस कधी?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. “जून 2029.”

तिने बोटं मोजली. “म्हणजे यंदाची धरून चार आगोटी. जमेल. फक्त मधेच झाकण उघडून खायचं नाही. उघडलं नाहीस ना?”

मी लॅपटॉपकडे बघितलं. गणपतीच्या तोंडावर फ्रिज बंद पडला तेव्हा त्यातून चौदा हजार काढले होते. ते ‘इतर’मध्ये आहेत.