पुलगावात निष्कारण कसे फिरावे

हे शास्त्र उन्हाळ्यात संध्याकाळी पाचनंतरच आचरावे. त्याआधी विदर्भातले ऊन भल्याभल्यांना सकारण घरी बसवते.

यातली खरी अडचण चालण्याची नसून उत्तराची आहे. चौकात पोचेपर्यंत कोणीतरी विचारतोच, ‘‘कुठी चालला बे?’’ यावर ‘‘कुठी नाही, असाच फिरून रायलो’’ हे खरे उत्तर चुकूनही देऊ नये. नोकरी गेली का, घरी भांडण झालं का, इथवर चौकशी जाते. हातात कापडी थैली ठेवावी. थैलीवाल्याला कोणी हटकत नाही. मात्र ती रिकामीच ठेवावी, वजन आले की हेतू आला.

आपल्या जिल्ह्याने फिरणाऱ्यांचा दर्जा विनाकारण वर नेऊन ठेवला आहे. गांधीजी सेवाग्रामला रोज फिरायला निघत, पण सोबतच्या माणसांशी देशाचे प्रश्न बोलत. विनोबा १९५१ मध्ये पवनारहून पायी निघाले ते थेट दिल्लीला, आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव जमीन मागत चालले. अशांच्या शेजारी आपण टपरीपर्यंत जाऊन खर्राही न घेता परत येणार! तेव्हा घरी समर्थन करताना हे दाखले टाळावेत. त्यापेक्षा पॅरिसचे गी दबोर बरे. त्यांनी १९५६ साली लेख लिहून सांगितले की दोघा-तिघांनी कामधंदा सोडून शहरात वाट फुटेल तिकडे जावे. सरासरी मुदत एक दिवस, म्हणजे एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंत. आपण दुपारच्या झोपेनंतर निघतो, त्यामुळे आपली मुदत आटोपशीर.

मार्ग निवडू नये, पण काही टाळावेत. नदीवरचा पूल ओलांडू नका. पलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि फिरणे संपून प्रवास सुरू होतो. दारूगोळ्याच्या डेपोकडे तर अजिबात वळू नका. ‘असाच’ हे उत्तर पहाऱ्यावरच्या जवानाला चालत नाही. आर्वीच्या छोट्या गाडीच्या मार्गाबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. १९१७ पासूनची ही अडीच फुटी लाईन. गाडी आता बंद, म्हणून मागून शिट्टी येण्याची धास्ती नाही. पण लाईन म्हटली की ती आर्वीलाच जाणार, तेव्हा शुद्ध निष्कारणवाद्यांना ती मान्य नाही. मला वाटते, थोडे अंतर चालायला हरकत नसावी. पस्तीस किलोमीटर कोण जाते?

सर्वोत्तम जागा स्टेशनचा फलाट. दहा रुपयांचे तिकीट काढले की रेल्वेच तुम्हाला उभे राहण्याची परवानगी देते. कोणी विचारलेच तर महाराष्ट्र एक्सप्रेसने पाहुणे येणार म्हणावे. गाडी थेट कोल्हापूरची, उशीर झाला तरी संशय येत नाही. पाहुणे उतरले नाहीत की चेहरा किंचित पाडून बाहेर पडावे.

सगळ्यात मोठा धोका मात्र निघतानाच, उंबरठ्यावर असतो: ‘‘चाललाच आहेस तर दळण टाकून ये.’’ इथे सराव मोडतो. वाद घालू नये, डबा उचलावा. चक्कीवर आपल्याआधी पाच-सहा डबे असतील, तर नंबर लागेपर्यंत चक्कीवाल्याच्या बाकड्यावर बसून राहण्याचा अर्धा तास नियमाप्रमाणे फिरण्यातच धरावा.