बँकर सोडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. ही इंजिनं गाडी ढकलतात, लोणावळ्याला सुटतात आणि खाली परत येतात. तीच इंजिनं कुणी सोलापूरपर्यंत नेल्याचं कर्जतजवळच्या आमच्या दहिवलीत तरी ऐकिवात नाही. संगणकात मात्र घाट केव्हाच संपलेला असतो आणि एकेका कामापुरते टाकलेले प्रोग्रॅम बँकरसारखे मागे लागलेलेच असतात. ते सोडवायचे कसे, एवढाच या मार्गदर्शिकेचा विषय. नमुन्यादाखल पाटीवर झेरॉक्स, सात-बारा, पॅनकार्ड आणि रिचार्ज असं सगळं मावलेल्या दुकानातला संगणक घेतला आहे.

साहित्य : एक वही, एक चालू बॉलपेन, गिऱ्हाईक नसलेली दुपार आणि वीज. शेवटचा जिन्नस पावसाळ्यात मिळेलच असं नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं.

पाहणी : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप'वर जावं. संगणक सुरू होताच न बोलावता कामाला लागणाऱ्यांची यादी तिथे असते. वहीत तीन रकाने आखावेत : कोण, कशासाठी आला, आता काय करतो. तिसरा रकाना बहुधा कोराच राहील. विकून टाकलेल्या प्रिंटरची शाई मोजणारा, २०२०च्या लॉकडाऊनमधल्या मीटिंगची अजून वाट पाहणारा, आणि संगणक वेगवान करण्याचं वचन देऊन सर्वांत जास्त मेमरी स्वतःच खाणारा, हे तिघे हमखास भेटतात.

हात लावू नये असे : 'सीएसआरएसएस', 'एलसॅस', 'एसव्हीसीहोस्ट' ही नावं संशयास्पद वाटतात, पण विंडोज त्यांच्यावरच उभं असतं. पहिल्याला जबरदस्तीने बंद केलं की निळा पडदा येतो. अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिसही मागेच बसून असते. ती नोव्हेंबरात उडवली तर हयातीचा दाखला काढायला आलेले पेन्शनर समोर धडधाकट उभे असूनही कागदोपत्री हयात ठरणार नाहीत, आणि ते हे शांतपणे ऐकून घेणार नाहीत.

प्रत्यक्ष कृती : आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा. मग यादीतला एकच प्रोग्रॅम 'डिसेबल' करावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि दिवसभर नेहमीचं काम करावं. सही उठते, प्रिंट निघते, अंगठा लागतो, असं दिसलं तरच दुसऱ्याकडे वळावं. पाच एकदम बंद केले आणि प्रिंटर रुसला, तर गुन्हेगार कोण हे कळत नाही; पाचही जण निर्दोष सुटतात.

डिसेबल करून काही अडलं नाही, की सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन 'अनइन्स्टॉल' करावं. डेस्कटॉपवरचं चित्र कचऱ्यात टाकल्याने प्रोग्रॅम जात नाही, फक्त दिसेनासा होतो. जाताना तो 'खरंच काढायचं?' असं विचारतो, सवलत देऊ करतो, शेवटी ब्राउझर उघडून 'आमचं काय चुकलं?' म्हणतो. मन घट्ट करावं.

दोन अँटीव्हायरस असतील तर विशेष दक्षता घ्यावी. दोघे एकच फाइल तपासायला धावतात आणि एक्सेल उघडेपर्यंत चहा निवतो. त्यातल्या एकाची मुदत बहुधा संपलेलीच असते. तो विषाणू पकडत नाही, फक्त रोज पैसे मागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो. दुसरा आला की तो बाजूला होतो, दुसरा गेला की पुन्हा कामावर येतो.

मनुष्यबळ : सर्वांत चिवट अडथळा यादीत दिसत नाही, तो मागच्या खुर्चीवर बसलेला असतो.

"अरे, ते फॉन्टचं काढू नकोस. लागतं."

"काका, ते २००९ साली एका पत्रिकेसाठी टाकलं होतं."

"मग? लग्नं काय बंद झाली?"

"त्या लग्नातल्या जोडप्याच्या मुलाची मुंज झाली. तिची पत्रिका आपण मोबाइलवर केली."

"असू दे रे. खातंय का काही?"

खातंय. टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा काकांना दाखवावा. त्यांनी चष्मा शोधेपर्यंत अनइन्स्टॉल उरकावं.

प्रतिबंध : बहुतेक बँकर 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' या मंत्राने लागतात. एके काळी जावा टाकताना खूण काढायला विसरलं, की ब्राउझरला 'आस्क'चा टूलबार फुकट चिकटायचा. म्हणून 'कस्टम' निवडावं, खुणा वाचाव्यात, आणि काही नवीन टाकताना ते कधी काढायचं याची तारीख त्याच वहीत लिहावी.

अपेक्षा : एवढं करून जुना चार जीबीचा संगणक नवा होत नाही. तो फक्त मध्येच अडकायचा कमी होतो, आणि सकाळी शटर उघडल्यापासून पहिला सात-बारा निघेपर्यंतचा वेळ घटतो.

गोपनीयता : काम फत्ते झाल्यावर बाहेर कुठेही बोलू नये. बोललात, तर संध्याकाळच्या लोकलने उतरलेली अर्धी दहिवली आपापला लॅपटॉप घेऊन दारात उभी राहील, आणि एकाकडेही चार्जर नसेल.